दाजींच्या गाडीची उचल

'उचल' हा शब्द आमच्याकडे अगदी सैल वापरतात. चिखलात रुतलेली गाडी बैलजोडी बाहेर काढते, ती तिची उचल. पंप विहिरीतून पाणी ओढतो, ती पंपाची उचल. मोटारीने चढावर, कमी वेगात, न कुरकुरता ओझं ओढलं की लोक म्हणतात, गाडीला उचल आहे. आणि इंजिनाच्या पोटात कॅमशाफ्ट नावाचा जो दांडा फिरतो, तो हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा जेवढ्या वर ढकलतो, त्यालाही कारागीर उचलच म्हणतात. या शेवटच्या दोन उचलींमध्ये काय फरक आहे, ते मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून मी जे केलं, ते सांगायला मला पुढे कितीतरी वर्षं जड गेलं.

तेव्हा मी कऱ्हाडजवळ मलकापुरात हायवेच्या कडेला पत्र्याची शेड टाकून गॅरेज चालवत होतो. वय अठ्ठावीस. पुण्यात एका मोठ्या गॅरेजात चार वर्षं काढून आलो होतो आणि त्या चार वर्षांचा माज अजून अंगात होता. तिथे मद्रासच्या शर्यतीला जाणारी एक मोटार यायची. तिचा कॅम खास घासून घेतलेला होता. ती चालू झाली की आम्ही सगळे हातातलं काम टाकून ऐकत उभे राहायचो. असा एक कॅम आपल्या हाताने कुठल्या तरी गाडीत बसवायचा, हे माझ्या मनाने तिथेच घेतलं होतं.

माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, लष्करात ट्रक चालवायचे. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा ट्रक सुरुंगावर गेला आणि डावा पाय मांडीपासून गेला. लाकडी पाय लावून ते पाटणच्या रस्त्यावरच्या आपल्या गावी परत आले आणि ओट्यावर बसून राहिले. पाय गेल्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. गाडी सुटल्याचं दुःख मात्र दिसायचं. रस्त्याने ट्रक गेला की मान वर न करता म्हणायचे, "आता तिसरा टाकला. आता परत दुसरा." तीन वर्षं हा माणूस दुसऱ्यांचे गिअर ऐकत बसला होता.

मग एके दिवशी त्यांनी साखर कारखान्यातल्या एका साहेबाची जुनी मोटार घेतली. घरात कुणालाही न विचारता. मला बोलावून म्हणाले, "पाव्हणं, क्लचचं काय तरी करा. बाकीचं मी बघतो."

मी क्लचला लोखंडी सळई जोडून ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला, दाराजवळ, एक दांडी बसवली. ती ओढली की क्लच दाबला जायचा. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला होता. म्हणजे गिअर बदलायचा तर उजव्या हाताने क्लच ओढायचा, डाव्या हाताने गिअर टाकायचा, आणि तेवढा वेळ स्टिअरिंग छातीने दाबून धरायचं. सरळ रस्त्यावर ते जमायचं. वळणावर छातीने स्टिअरिंग फिरवता येत नाही. प्रत्येक गिअरला एक पळभर गाडी कुणाच्याच हातात नसायची.

दाजींचे मोठे बंधू घरचा ऊस, पाणी, माणसं, सगळं बघायचे. त्यांना आम्ही थोरले म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. भाऊ एकदा मरणाच्या दारातून परत आला होता, तो पुन्हा मोटारीत जाऊन बसतोय हे त्यांना बघवत नव्हतं, इतकंच. दिवाळी झाल्यावर त्यांनी ओट्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"ह्यो रविवार सोडून पुढच्या रविवारी मी तुझ्या शेजारी बसतो. कोयनानगरपातूर जायाचं, कुंभार्ली घाट उतरायचा, पायथ्याला वळवायची आन् परत वर यायचं. मधी कुणाचा हात लागला, का कुणाला उतरून ढकलाय लागली, तर गाडी इकायची. परत इषय काढायचा न्हाई."

"बरं दादा," दाजी म्हणाले.

त्या "बरं"मध्ये काय होतं ते मला समोर बसून कळलं. गाडी गेली असती तर हा माणूस उरलेला जन्म त्या ओट्यावर काढणार होता. आक्कालाही ते कळलं असावं, कारण ती दारातून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

रविवारला नऊ दिवस होते. मी गाडी गॅरेजात आणून इंजिन उघडलं. कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, तेच झडपा वर ढकलतात. या गाडीतले उंचवटे झिजून गुळगुळीत झाले होते. कॅम बदलणं भागच होतं. साधा, कंपनीतून यायचा तसाच कॅम पुण्याहून सहा दिवसांत आला असता. मी तो मागवला नाही. तेल पुसून जुना कॅम गोणपाटात गुंडाळला आणि सकाळच्या एसटीने सांगली गाठली.

सांगलीत हळदीच्या वखारींच्या मागे एका म्हाताऱ्याचं कॅम घासायचं दुकान होतं. मूळचा मिरजेच्या पलीकडचा, बोलता बोलता मधेच कानडी शब्द टाकायचा. संस्थानिकांच्या मोटारींपासून शेतातल्या इंजिनांपर्यंत त्याने सगळं घासलेलं होतं. भिंतीवर खिळ्यांना लोखंडी साचे टांगलेले. ज्या साच्यावरून घासायचं, त्या आकाराचा कॅम तयार व्हायचा.

"काय पायजे?" त्याने कॅम उजेडात धरून विचारलं.

"उचल पायजे. जेवढी देता येईल तेवढी."

"उचल देतो की. पण गाडी पळणार कुठं?"

"घाटात."

"माणसं?"

"चार."

"आन् चालवणार कोण?"

इथे मी थांबलो. खरं सांगायचं तर एक पाय नसलेला माणूस चालवणार, असं सांगायला हवं होतं. पण गेली तीन वर्षं मी तो पाय ज्याला ज्याला सांगितला, त्याने जीभ टाळ्याला लावून "अरारा" केलं होतं. एसटीतल्या अनोळखी बायका करायच्या, दुकानदार करायचे, गावात आलेला ग्रामसेवकसुद्धा करायचा. त्या "अरारा"ची मला शिसारी बसली होती. दाजींच्या नावाने आणखी एका माणसाने तो आवाज काढावा हे मला नको होतं.

"मिलिट्रीतला ड्रायव्हर हाय," मी म्हणालो. "हात लय साफ हाय त्यांचा."

यात शब्दही खोटा नव्हता. म्हाताऱ्याची चर्या बदलली. मिलिट्रीचं नाव काढलं की आमच्याकडे सगळ्यांचीच बदलते. त्याने वरच्या खिळ्यावरचा साचा काढला.

"मग ह्यो घे. झडप उंच उचलतो आन् लय वेळ उघडी ठिवतो. वर गेल्यावर इंजिन आसं पळतंय की बास. पण खालनं मरतंय, बघ. कमी वेगात घेतलेला श्वास आत टिकत न्हाई, परत बाहेर जातोय. सारखा गिअर बदलून इंजिन वरच्या वेगात ठिवाय लागतंय. चालंल?"

खालच्या खिळ्यावर दुसरा साचा होता. तो कसला, हेही मी विचारलं नाही. पुण्याच्या त्या शर्यतीच्या गाडीचा आवाज माझ्या कानात घुमत होता.

"चालंल," मी म्हणालो.

बुधवारी कॅम बसवला. चालू केल्याबरोबर गाडी जागच्या जागी लटलट हलायला लागली. बॉनेटवर ठेवलेला पाना घसरून खाली पडला. दाजी हसून म्हणाले, "पाव्हणं, कोयनंचा धक्का बसला का काय?"

"शर्यतीच्या गाड्या आशाच हलत्यात, दाजी. आता पळवून बघा."

हायवेवर त्यांनी ती पळवली. एका वेगापर्यंत गाडी मुकाट होती, आणि त्याच्यावर जाताच तिने असा जोर धरला की माझी पाठ सीटला चिकटली. तो आवाज मी पुण्यात ऐकलेलाच होता, फक्त तो आता माझा होता. दाजी मोठ्याने हसले. पाय गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं. माझी छाती वीतभर फुगली. येताना कऱ्हाडच्या बाजारपेठेत गर्दीत गाडी तीनदा बंद पडली, तेव्हा ते नुसतं एवढंच म्हणाले, "खालनं जरा उचलत न्हाई, न्हाई का?"

"रेस धरून ठिवा की," मी म्हणालो.

ते गप्प बसले. मी ते गप्प बसणं कबुली समजलो.

शुक्रवारी आक्काला घेऊन ते पाटणच्या बाजाराला जाऊन आले. परत येताना घरी न थांबता तसेच पुढे गॅरेजवर आले. दाजी पाणी प्यायला गेल्यावर आक्का माझ्याजवळ आली. तिचा आवाज खाली होता.

"गाडीत काय घातलंस रं तू?"

"का? लय भारी पळती की."

"पळती. पर घरापासनं पाटणपातूर त्यांनी सव्वीस बारी हात सोडला."

"म्हंजे?"

"स्टिअरिंगवरला हात. आधी चौदा बारी सोडायचे. येताना-जाताना मी मोजतीया. हात सुटला की माझा श्वास आडतो, मग ध्यानात ऱ्हातंय आपुआप."

मला राग आला. राग यायचं कारण हे की ती बरोबर होती. जिने आयुष्यात कधी इंजिन उघडून पाहिलं नाही, तिने एका आकड्यात माझा कॅम उघडा पाडला होता. मी तिला म्हणालो की तुला यातलं काही कळत नाही, घाटात इंजिन वरच्या वेगातच असतं, तिथे बघ कसं चालतं ते. ती म्हणाली, "बरं." नवऱ्यासारखंच.

अजून दोन दिवस होते. शनिवारी सकाळी सांगलीला जाऊन काहीतरी करता आलं असतं. निदान रविवारची गोष्ट पुढे ढकला, एवढं सांगता आलं असतं. मी दोन्ही केलं नाही. शनिवारी मी गाडीचं बॉनेट पुसलं.

रविवारी सकाळी निघालो. दाजी चालवत होते, शेजारी थोरले, मागे आक्का आणि मी. थोरल्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता आणि दोन्ही हात त्याच्यावर. पाटण गेलं, कोयनानगर मागे पडलं. घाट उतरताना काहीच अडचण आली नाही, उतारावर इंजिनाला काम नसतं. पायथ्याला गाडी वळवली तेव्हा थोरले म्हणाले, "उतरलास बेस." माझ्या जिवात जीव आला. तो फार टिकला नाही.

चढ सुरू झाला आणि तिसऱ्या वळणापासून मला घाम फुटला. वळणावर वेग कमी व्हायचा. वेग कमी झाला की इंजिन खोकायला लागायचं. मग हात सोडायचा, गिअर खाली टाकायचा, इंजिन किंचाळून पळायचं, पुढचं वळण लगेच यायचं, पुन्हा तेच. दाजींच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती. स्टिअरिंगवर टेकवून टेकवून छातीवरची बटणं तुटतील असं वाटत होतं. शेजारी आक्काचे ओठ हलत होते. ती देवाचं नाव घेत नव्हती, मोजत होती.

घाटाच्या मध्यावर एक अगदी तोंड फिरवणारं वळण आहे. आम्ही त्यात शिरलो आणि वरून कांद्याच्या गोण्या भरलेला ट्रक आला. त्याने सगळा रस्ता घेतला. दाजींना कडेला, जवळजवळ थांबायला लागलं. इंजिन दबलं. दुसऱ्या गिअरात ते मरत होतं, आणि आमच्या त्या गाडीत पहिला गिअर चालत्या गाडीला पडायचा नाही, पूर्ण थांबल्याशिवाय घ्यायचाच नाही. दाजींनी उजव्या हाताने दांडी ओढली, डावा हात गिअरवर नेला. गिअर खरखरला, पडला नाही. इंजिन बंद पडलं. गाडी मागे सरकायला लागली.

मागच्या काचेतून मला दरी दिसत होती. रस्त्याच्या कडेला चुना लावलेले दगड होते, आणि दोन दगडांच्या मधली मोकळी जागा नेमकी आमच्या मागे होती.

दाजींचा उजवा पाय ब्रेकवर गेलेला मी पाहिला. त्याच क्षणाला थोरल्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर पडले आणि त्यांनी ते स्वतःकडे ओढलं. गाडी तिरकी होऊन थांबली. ट्रकवाला हात हलवून खाली निघून गेला. फेटा थोरल्यांच्या पायाशी सुटून पडला होता.

थोरल्यांनी हळूहळू हात काढले आणि आपल्याच हातांकडे बघितलं.

"झालं मग," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

"व्हय दादा," दाजी म्हणाले. "माझंच चुकलं. पाय न्हाई, त्याला कोण काय करणार?"

तीन वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं. ते माझ्यामुळे बाहेर आलं होतं. मला ते सहन झालं नाही.

"पायाचा काय संबंध न्हाई," मी मागून म्हणालो. "चूक माजी हाय. गाडीत मी शर्यतीचा कॅम घातला. त्यो खालनं ओढत न्हाई. मला म्हाईत व्हतं. म्हाईत असून घातला."

थोरल्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत माया होती, तीच मला जास्त लागली.

"दाजींची बाजू घेताय. घ्या, बरं हाय. तसंच असावं," ते म्हणाले. "पर खरं काय त्ये मला दिसतंय की, पाव्हणं."

खरं बोलायची माझी वेळ टळून गेली होती. आता बोललेलं खरंसुद्धा दया म्हणून ऐकलं जात होतं. ज्या "अरारा"पासून दाजींना वाचवायला म्हणून मी सांगलीत तोंड मिटलं, तोच या गाडीत येऊन बसला होता.

मग आक्का बोलली. थोरल्यांसमोर ती कधी तोंड वर करून बोलत नसे. डोक्यावरचा पदर सारखा करून, समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत ती बोलली.

"आवं दादा, मी एक बोलू का? ह्यो नवा दांडा घालायच्या आधी पाटणपातूर चौदा बारी हात सुटायचा. घातल्यावर सव्वीस बारी. आज आर्ध्या घाटात एकोणीस झालं. पाय तर त्योच हाय. मग वाढलं कशानं?"

थोरले हिशेबी माणूस. पाण्याच्या पाळीवरून भांडणारे लोक त्यांच्याकडे न्याय मागायला यायचे ते उगीच नाही. त्यांनी खाली वाकून फेटा उचलला, त्यावरची धूळ झटकली.

"मोजलंस तू?"

"पयल्या दिसापासनं."

"आन् ब्रेकवर पाय गेलता याचा," ते स्वतःशीच म्हणाले. "मी हात लावायच्या आधी गेलता. मला दिसला."

मग ते दाजींना म्हणाले, "पुढच्या रविवारी. पर एकच बार. आन् ह्ये पाव्हणं गाडीत नगंत मला."

उरलेला घाट दाजींनीच चढवला, पहिल्या गिअरात, गाढवाच्या चालीने, इंजिन सारखं किंचाळत ठेवून. मी मागे मान खाली घालून बसलो होतो.

सोमवारी मी पुन्हा सांगलीला निघालो. या वेळी दाजींना बरोबर घेतलं. वाटेत एसटीत मी त्यांची माफी मागितली. ते खिडकीबाहेर बघत होते.

"मला पयल्याच दिशी कळलं व्हतं," ते म्हणाले. "बाजारपेठंत."

"मग बोलला का न्हाई?"

"तुमी लय खुशीत व्हता, पाव्हणं. तीन वर्षं माझ्यासमोर कोणी असं खुशीत येत न्हवतं. सगळी तोंड पाडून येत्यात."

इस्लामपूर येईपर्यंत आम्ही दोघंही बाहेर बघत होतो.

दुकानाच्या पायऱ्या दाजी एकेक करून चढले. म्हाताऱ्याने त्यांचा लाकडी पाय पाहिला, मग मला पाहिलं, मग परत पाय पाहिला. मी "अरारा"ची वाट बघत होतो.

"गिअर टाकताना कुठला हात सुटतो?" त्याने दाजींना विचारलं.

"दोनी."

"दोनी?"

"एक क्लचला, एक गिअरला. स्टिअरिंग छातीला."

म्हातारा उठला. त्याने खालच्या खिळ्यावरचा साचा काढला, पुसला आणि माझ्या हातात दिला. बोलला मात्र दाजींशीच.

"ह्यानं झडप थोडीच उचलायची, लवकर मिटवायची. वरचा वेग जाईल. शर्यत इल्ला. पर चालत्या माणसाच्या वेगात बी ओढंल. उचल कमी केली की उचल वाढती, असा परकार हाय ह्यो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ह्ये आधी सांगायचं व्हतंस. मी काय रडणार व्हतो का?"

त्याच जातीच्या गाडीचा एक जुना कॅम त्याच्याकडे पडलेला होता. तो घासायला घेतला. संध्याकाळपर्यंत आम्ही तिथेच बसलो. दाजी आणि तो इंजिनांबद्दल बोलत होते आणि मी दोघांना चहा आणून देत होतो. तेवढंच काम मला शोभत होतं.

दुसऱ्या रविवारी त्यांनी मला घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी उतरवलं आणि तिघं खाली गेले. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. तिथून खालची वळणं दिसत नाहीत, आवाज मात्र वर येतो.

गाडी उतरल्याचा आवाज दूर जाऊन संपला. मग बराच वेळ काहीच नाही. टपरीवाला विचारत होता की कुणाची वाट बघताय, मी त्याला हातानेच गप्प केलं. एक एसटी वर आली, तिच्या मागे दोन ट्रक. त्यांच्या आवाजात बाकी सगळं बुडालं. ट्रकवाल्याला विचारावं का, खाली एक गाडी अडकलीय का म्हणून? विचारायची हिंमत झाली नाही.

मग तो आवाज आला. बारीक, एकसुरी, जात्यासारखा. त्यात किंचाळी नव्हती. मी दाजींसारखाच मान खाली घालून ऐकायला लागलो. दुसरा. दुसरा. अजून दुसराच. वळण आलं असणार, कारण आवाज डोंगराआड गेला आणि पुन्हा बाहेर आला, पण तुटला नाही. ते मधलं वळण आलं तेव्हा आवाज खाली खाली गेला, इतका खाली की मी श्वास धरला. तो तसाच खाली, दमलेल्या बैलाच्या पावलाने चालत राहिला आणि पुन्हा वर आला. गिअर पडला नव्हता. हात सुटला नव्हता. मी टपरीच्या बाकड्यावर बसलो.

गाडी वर आली. मागच्या खिडकीतून आक्काने दोन्ही हात बाहेर काढले. एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याची दोन. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सात वेळा.

दाजींनी गाडी टपरीपाशी लावली आणि इंजिन बंद केलं. उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले. थोरले मात्र उतरून माझ्याजवळ बाकड्यावर येऊन बसले. मला एका शब्दाने काही बोलले नाहीत. चहा आला, त्यांनी बशी धरली, तर ती हातात ठरेना. तेव्हा मी त्यांचे हात पाहिले. दोन्ही हातांच्या पाठीवर सीटच्या विणलेल्या कव्हराची नक्षी उठली होती, लालभडक, एकेक घर मोजता येईल अशी.

"ह्ये काय झालं, दादा?" दाजींनी खिडकीतून विचारलं.

थोरल्यांनी बशी खाली ठेवली आणि हात धोतराच्या सोग्यात घेतले.

"त्यांच्यावर बसलो व्हतो," ते म्हणाले. "पायथ्यापासनं. न्हाईतर ऱ्हायले नसते."